रांगेत जे येत नाहीत: पूरमदतीला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

२०१९ चा ऑगस्ट. कृष्णा, वारणा, पंचगंगा सगळ्याच पात्राबाहेर. पाणी उतरायला लागल्यावर शिरोळ तालुक्यातल्या एका गावात आम्ही टेम्पो घेऊन गेलो. देवळासमोर टेम्पो लावला, रांग लावली, दोन तासांत किट संपले. फोटोही झाले. निघताना एक बाई दारापाशी आली आणि हळूच म्हणाली, "आमच्या आत्याबाई चार दिस माडीवरच हाईत. लकवा मारलाय. त्यास्नी काय?" आमच्याकडे एक बिस्किटाचा पुडा उरला होता, आणि आत्याबाईंच्या तोंडात दात नव्हते.

त्यानंतर २०२१ ला चिपळूण-महाड झालं, सांगलीचे फेरे झाले, आणि दर वेळी तेच दिसलं. टेम्पोपर्यंत चालत येणाऱ्याला मिळतं, ओरडून मागणाऱ्याला दोनदा मिळतं, आणि ज्याला उठता येत नाही, ऐकू येत नाही, दिसत नाही, आठवत नाही, त्याच्यापर्यंत पोचायला आपल्याकडे माणूसच नेमलेला नसतो. इथे कुणाचा दुष्टपणा नाही, आखणीच तशी असते. म्हणून हे लिहितोय. तुम्ही मंडळातून, कॉलेजातून, ऑफिसच्या ग्रुपमधून पहिल्यांदाच निघाला असाल तर या क्रमाने कामाला लागा. उदाहरणं कृष्णा-पंचगंगा खोऱ्यातली आहेत, कारण मला तेच माहीत आहे.

आधी यादी, आणि यादी मे महिन्यातच

पाणी आल्यावर यादी होत नाही. तेव्हा माणसं तीन ठिकाणी पांगलेली असतात आणि फोन बंद असतात. पूरपट्ट्यातल्या गावाशी तुमचा संबंध असेल तर मृगाच्या आधी दोन रविवार काढा.

तयार कागद गावात पडलेले असतात. ग्रामपंचायत स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करते, त्याची नावं ग्रामसेवकाकडे असतात. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांची यादी तहसीलमध्ये असते. तलाठ्यामार्फत गेलात तर लवकर मिळते. पण माझा अनुभव असा की खरी यादी आशाताईंच्या डोक्यात असते. कुणाला फिट येते, कुणाची इन्सुलिन चालू आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कुठल्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. अंगणवाडीच्या मावशी, पोलीस पाटील आणि रेशन दुकानदार यांनाही गाठा. कुणाच्या अंगठ्याचा ठसा मशिनवर उमटत नाही हे दुकानदाराला दर महिन्याला दिसतं, आणि अशी माणसं बहुतेक म्हातारी किंवा राबून बोटं झिजलेली असतात.

कार्यालयात "तुम्ही कोण विचारणारे?" असं झालं तर नम्रपणे एवढं सांगा की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या आठव्या कलमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची असते आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवायची असते. तुम्ही त्यांचंच काम हलकं करताय. वाद घालू नका, पत्राची पोच घ्या.

मग घरोघर. इथे नवी मंडळी एक हमखास चूक करतात. दारात उभं राहून विचारतात, "घरात कुणी अपंग आहे का?" उत्तर येतं, "न्हाई बा." आणि आत सोप्यात आजी भिंतीला धरून चालत असतात. त्या अपंग नसतात, त्या म्हाताऱ्या असतात. घरच्यांच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय लग्नाची मुलगी असलेल्या घरात मुलाच्या आजाराचं नाव कुणी काढत नाही.

जगभर यासाठी सहा प्रश्नांचा एक साधा संच वापरतात. मराठीत तो असा विचारता येतो: चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का? कानाचं यंत्र असलं तरी ऐकायला? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला, एखाद्या कामात ध्यान ठेवायला? आंघोळ, कपडे ही स्वतःची कामं करायला? आपलं म्हणणं दुसऱ्याला सांगायला किंवा दुसऱ्याचं समजून घ्यायला? प्रत्येकाला चार उत्तरं: अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, अजिबात जमत नाही. शेवटच्या दोनपैकी एक उत्तर आलं की नाव यादीत. "अपंग" हा शब्द तोंडातून काढावाही लागत नाही. या सहा प्रश्नांतून मानसिक आजार मात्र निसटतो, आणि पाच वर्षांखालची मुलं या प्रश्नांत बसत नाहीत. म्हणून सातवा प्रश्न मी स्वतःहून घालतो: "रोज चुकवता येणार नाही असं औषध कुणाला चालू आहे का?" त्यात फिट, मनाचा आजार, साखर, दम, डायलिसिस सगळं बाहेर येतं.

यादी बरोबर झाली की नाही हे कसं ओळखायचं? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे शंभरात अडीचच्या थोडे वर. जागतिक आरोग्य संघटनेचा जगाचा अंदाज शंभरात सोळा आहे. फरक एवढा मोठा का, याचं एक कारण वर दारात उभं राहून विचारलेल्या प्रश्नात सापडेल. तीन हजार वस्तीच्या गावात जनगणनेच्या हिशेबाने ऐंशीच्या आसपास नावं यायला हवीत आणि दुसऱ्या हिशेबाने पावणेपाचशे. साठीच्या पुढची माणसं तीनशेच्या घरात. तुमच्या वहीत बारा नावं असतील तर परत फिरा.

यादीत नावापुढे आजाराचा पाढा नको. घर कुठे, घरात दुसरं कोण, काय लागतं (उचलायला चार जण, फ्रीजमधलं औषध, खुणेने सांगणारं माणूस) आणि कुणी न्यायचं, एवढं पुरे. आणि ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. हे मी स्वतः केलेलं आहे. एकटी राहणारी आजी कुठल्या गल्लीत आहे आणि कुणाच्या मुलाला वेडाची औषधं चालू आहेत हे तीनशे जणांना सांगून झालं होतं, मग एका काकूंनी फोन करून मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता दोन कागदी प्रती: एक सरपंचांकडे, एक आशाताईंकडे.

आणखी एक. घरोघर फिरणाऱ्या तुमच्या गटात गावातलाच एखादा दिव्यांग माणूस किंवा सत्तरीच्या एखाद्या मावशी असू द्या. आमच्याबरोबर तीनचाकी चालवणारा एक पंक्चरवाला होता. ज्या घरांनी आम्हाला "कोण नाही" सांगितलं त्याच घरांनी त्याला चहा पाजून आतल्या खोलीत नेलं.

सांगावा पोचवणं

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा आणि ४३ फुटांना धोका. सांगलीच्या आयर्विन पुलावर तेच ४० आणि ४५. मोबाईलवर आकडे फिरत असतात. पण ऐंशी वर्षांच्या तात्यांना त्या फुटांचा काही अर्थ नसतो. त्यांची पट्टी वेगळी: "२००५ ला म्हसोबाच्या पायरीपतुर आलं हुतं. त्याच्या वर येत न्हाई." २०१९ मध्ये याच हिशेबावर विसंबून खूप माणसं घरात राहिली, आणि आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. म्हणून सांगताना त्यांच्याच पट्टीत सांगा: "तात्या, एकोणीसला पाणी तुमच्या कोनाड्याला लागलं होतं. उद्या सकाळपर्यंत तिथं येईल म्हणतायत." भिंतीवरची जुन्या पाण्याची खूण दाखवा. पुसलेली असेल तर मे महिन्यात गेरूने परत ओढून ठेवा.

भोंग्यावरची दवंडी बहिऱ्या माणसाला ऐकू येत नाही, हे वाचताना उघड वाटतं. प्रत्यक्षात हेच सगळ्यात जास्त वेळा विसरलं जातं. अशा प्रत्येक घरामागे दोन शेजारी नेमा. दोन, कारण एक जण नेमका पुण्याला गेलेला असतो. रात्री उठवायचं तर दिवा चालू-बंद करा किंवा खांद्याला हात लावा. तोंडावर उजेड पाडू नका, माणूस घाबरतो. चिठ्ठी लिहून दिली की झालं असं समजू नका, शाळेत गेलेलाच नसेल तर चिठ्ठीचा काय उपयोग? चित्र काढा, खुणा करा, सावकाश समोर तोंड करून बोला. खुणांची भाषा येणारी तरुण मुलं व्हिडिओ कॉलवर बोलतात. त्यांचा मोबाईल चार्ज असणं म्हणजे त्यांचं बोलणं चालू असणं, हे पुढे निवाऱ्यातही ध्यानात ठेवा.

घरातून बाहेर काढताना

पाणी गुडघ्याला लागण्याआधी सगळ्यात पहिल्यांदा हीच घरं हलवायची. उलट केलं की काय होतं ते ब्रह्मनाळच्या लोकांना विचारा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या त्या गावात क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली नाव उलटली आणि अनेकांचे जीव गेले. शेवटच्या फेरीच्या घाईत म्हातारी, बायका, मुलं एकाच नावेत कोंबली जातात. चालता येणारा पाणी आलं तरी दोन तास कळ काढू शकतो. ज्याला चौघांनी उचलायचंय त्याला कोरड्या रस्त्यावरून ट्रॅक्टर-ट्रॉलीतून नेणं हा दहा मिनिटांचा मामला असतो. तीच गोष्ट नावेतून करायची तर तास मोडतो.

हात लावण्याआधी विचारा, "कसं धरू?" वीस वर्षं व्हीलचेअरवर असलेल्या माणसाला स्वतःला कसं उचलायचं हे तुमच्यापेक्षा नक्की जास्त कळतं. व्हीलचेअर उचलताना हात टेकायच्या दांड्यांना धरू नका. बऱ्याच खुर्च्यांच्या त्या निघतात आणि तुमच्या हातात नुसती दांडी राहते. चौकटीचा पक्का भाग शोधा. नावेत माणसाला व्हीलचेअरमध्ये बांधून कधीही बसवू नका. त्याला नावेच्या तळाशी किंवा फळीवर बसवा, लाइफ जॅकेट घाला, खुर्ची घडी करून वेगळी घ्या. खुर्ची मागे ठेवून "नंतर आणतो" म्हणू नका, नंतर ती गाळात सापडते. खुर्चीबरोबर तिची उशी, कुबड्या, वॉकर, जयपूर फूट, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र आणि त्याचे सेल हेही त्या माणसाच्या अंगाइतकंच महत्त्वाचं सामान आहे.

व्हीलचेअर नसेल तर प्लॅस्टिकची हातवाली खुर्ची चालते, दोन बाजूंनी दोघं आणि मागे एक. पाठीच्या कण्याला इजा असलेल्या माणसाला काखेत धरून ओढायचं नाही. दारावर किंवा खाटेवर आडवं करून न्यायचं. न दिसणाऱ्या माणसाचा हात पकडून ओढू नका. तुमचं कोपर त्याच्या हातात द्या, अर्धं पाऊल पुढे चाला आणि पुढचं बोलत राहा: "आता दोन पायऱ्या खाली, मग पाणी घोट्याएवढं."

माणूस आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांची ताटातूट करू नका. नावेत एकच जागा उरली म्हणून मतिमंद मुलाला एकट्याला पुढे पाठवणं म्हणजे नावेतल्या सगळ्यांचाच जीव धोक्यात घालणं.

आणि नकार. "म्या न्हाई येत, जनावरं कोण बघनार?" हा तुम्हाला रोज ऐकू येणारा नकार आहे. त्यावर भाषण देऊ नका. जनावरांची सोय आधी करा. छावणी कुठे, दावं कुणाकडे, चारा कोण घालणार ते नाव घेऊन सांगा आणि शक्य असेल तर म्हैस आधी हलवा. म्हैस गेली की आज्जी येतात. एका तात्यांना फक्त त्यांची चंची हवी होती, ती माळ्यावर होती, आणि आम्ही अर्धा तास त्यांना पुराचं गांभीर्य समजावत बसलो होतो.

अडकलात तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८. फोनवर नुसतं "माणसं अडकलीत" म्हणू नका. "दोन माणसं, एक अंथरुणाला खिळलेली, स्ट्रेचर लागेल, घर वेशीच्या आत तिसरं" असं सांगा. बचाव पथक त्याप्रमाणे नाव आणि माणसं पाठवतं.

निवाऱ्यात: संडास, संडास आणि संडास

शाळा किंवा मंगल कार्यालय ताब्यात आलं की सगळे गाद्या मोजतात. तुम्ही आधी संडासाकडे जा.

किती पायऱ्या आहेत? दार किती रुंद? व्हीलचेअर आत जायला साधारण तीन फूट रुंदी लागते. भांडं देशी आहे का? धरायला काही आहे का? वाटेत दिवा? रात्री बायकांना तिथपर्यंत जायला भीती वाटते का? हे सगळं का, तर निवाऱ्यात म्हाताऱ्या बायका पाणी प्यायचंच बंद करतात. संडास लांब, पायऱ्या निसरड्या, उठवायला सुनेला हाक मारायची लाज. मग पाणीच प्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी चक्कर, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर प्रकरण दवाखान्यात. डॉक्टर सलाइन लावतात, पण मूळ दुखणं संडासाच्या पायरीत असतं. आजींच्या उशाशी तांब्या भरलेला आहे आणि संध्याकाळी तो तसाच आहे, असं दिसलं की समजा.

उपाय स्वस्त आहेत. मजबूत प्लॅस्टिकची खुर्ची घ्या, बैठकीला मध्यभागी गोल भोक पाडा, कडा घासून घ्या आणि देशी भांड्यावर ठेवा. झाला कमोड. बाजूला भिंतीत बांबू किंवा जाड दोर बांधा. वर्गातच एक कोपरा साडीने आडोसा करून तिथे बादली आणि बेडपॅन ठेवा. मोठ्यांचे डायपर आणि रबरी कापड आणा. मोठ्यांच्या डायपरची मागणी कुणी तोंडाने करत नाही, म्हणून ते कुठल्याच "गरजांच्या यादी"त येत नाहीत. मी आता न विचारता तीन मापांचे घेऊन जातो आणि देताना काळ्या पिशवीत देतो.

उतार करायचा असेल तर नियम सोपा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या उंबऱ्याला सहा फूट फळी. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट लागतात, तेवढी जागा नसेल तर मागे दोन माणसं नेमा पण अर्ध्या लांबीचा घसरगुंडीसारखा उतार करू नका. बऱ्याच शाळांना सरकारी उतार असतो. तो पाहून हुरळून जाऊ नका, वरच्या टोकाला दार आहे की कुलूपबंद जाळी ते बघा.

झोपायला ही माणसं तळमजल्यावर, दाराजवळ आणि संडासाच्या बाजूला, पण गर्दीच्या वाटेवर नाहीत. गुडघे दुखणाऱ्याला जमिनीवरून उठता येत नाही. दोन बाकं जोडून वर गादी टाकली तरी काम होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर चार दिवसांत पाठीला जखम होते. रात्रीच्या पाळ्या लावा आणि नावं फळ्यावर लिहा. न दिसणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी अंथरुणापासून नळ, संडास, दरवाजा असं दोनदा फिरवून आणा, पावलं त्याला मोजू द्या, आणि मग तिथल्या चपला, बादल्या इकडेतिकडे हलवू नका. स्वमग्न मुलं, मनाचा आजार असलेली माणसं, विसरभोळे आजोबा यांच्यासाठी भोंगा आणि टीव्हीपासून लांबची एक खोली राखून ठेवा. आजोबा संध्याकाळी "घरी जातो" म्हणून निघतात, तेव्हा दारावर त्यांना ओळखणारं माणूस हवं.

कुष्ठरोगातून बरे झालेले किंवा जुनी साखर असलेले कुणी असतील तर त्यांचे पाय रोज बघा. तळव्याला संवेदना नसते, पुराच्या पाण्यात काच लागलेली त्यांना कळतही नाही. लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या आरोग्य पथक देतं, ते आलं की या माणसांना आधी पुढे करा.

जेवण आणि किट

म्हातारी माणसं जास्त दिवस जाड भाकरी आणि तिखट रस्सा खाऊ शकत नाहीत, आणि निवाऱ्यात बहुतेक तेच शिजतं. त्याच चुलीवर एक पातेलं मऊ खिचडीचं किंवा पेजेचं, तिखटाशिवाय. एवढंच. गिळायला त्रास असलेल्या मुलाला बसवून, मान सरळ ठेवून, लहान घासांनी भरवायचं. आडवं ठेवून कधीच नाही.

वाटपाच्या दिवशी रांग दोन ठिकाणी लावा आणि तिसरी रांग लावूच नका. म्हणजे: एक नेहमीची, एक खुर्च्यांची (टोकन द्यायचं, बसून राहायचं, नंबर दिसेल असा फलक आणि आवाजही), आणि ज्यांना येता येत नाही त्यांचे किट रांग सुरू होण्याआधीच बाजूला काढून घरपोच पाठवायचे. आधीच, हा शब्द महत्त्वाचा. उरल्यावर पाठवू म्हणालात तर उरत नाही. पंचवीस किलोची गोणी एकट्या आजींना देऊन उपयोग नाही. पाच-पाच किलोच्या पिशव्या करा. तेलाचा डबा उघडता येतो का हेही बघा.

कपड्यांबद्दल एक गोष्ट सांगतो. शहरातून आलेल्या गाठोड्यांत गाऊन, कुर्ते, जीन्स असतात. सत्तरीच्या बाईने आयुष्यात नऊवारीशिवाय काही नेसलेलं नसतं. ती ओलं लुगडं अंगावरच वाळवते पण गाऊन घालत नाही, आणि स्वयंसेवक म्हणतात "दिलं तरी घेत नाहीत." नऊवारी लुगडी, धोतरं, टोप्या मागवा. देताना फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. नको म्हटलं तर किट तरीही द्यायचा, हे वेगळं सांगावं लागतं याची मला लाज वाटते.

औषधं

याला वेळ लावू नका. पहिल्या चोवीस तासांत यादीतल्या प्रत्येकाची गोळ्यांची पाकिटं किंवा जुना कागद बघून फोटो घ्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवा. फिटच्या आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर झटका येऊ शकतो, त्यांचा नंबर पहिला. इन्सुलिनची वापरात असलेली बाटली गारव्यात ठेवली तर साधारण चार आठवडे फ्रीजशिवाय टिकते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात, ऊन लागणार नाही अशी ठेवा आणि औषधवाल्याला एकदा विचारून घ्या. ऑक्सिजनचं मशीन वापरणाऱ्याला वीज गेल्यावर किती तास आहेत ते आधीच माहीत असायला हवं. डायलिसिसवाल्याला निवाऱ्यात आणूच नका, थेट शहरात, जिथे मशीन चालू आहे तिथे.

पंचनामा, बँक आणि अंगठा

पाणी गेलं की स्वयंसेवक जातात, आणि म्हाताऱ्या माणसांचा खरा त्रास इथे सुरू होतो. पंचनाम्याला तलाठी येतात तेव्हा घरात कोण हजर असतं? थोरला मुलगा. आई-बाप त्याच वाड्यात मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहत असतात, त्यांची भांडी, त्यांचं धान्य, त्यांचा पत्रा गेलेला असतो, पण कागदावर एकच घर लागतं. रेशन कार्ड वेगळं असेल तर ते हातात घेऊन पंचनाम्याच्या वेळी त्यांच्या बाजूला उभे राहा आणि त्यांना बोलू द्या. गेलेली व्हीलचेअर, तीनचाकी, कानाचं यंत्र, शिलाई मशीन हे पंचनाम्यात नाव घेऊन लिहून घ्या. "इतर साहित्य" असं लिहिलं की ते गेलं.

कागद वाहून गेले असतील तर आधार आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) दोन्हींचे नंबर जुन्या फोनमध्ये, पेन्शनच्या अर्जाच्या झेरॉक्समध्ये, ग्रामपंचायतीच्या फाइलीत सापडतात. म्हणून मे महिन्यातल्या यादीच्या वेळीच फोटो काढून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत दारामागे टांगून ठेवायला सांगावं. अनुदान खात्यात येतं, पण खात्यापर्यंत जाता येत नाही. पोस्टमन घरी येऊन आधारवर पैसे काढून देतात, हे पुष्कळ गावांत माहीत नसतं. ठसा लागत नसेल तर रेशनला नॉमिनी, म्हणजे त्यांच्या वतीने धान्य आणणारा माणूस, नेमण्याची सोय आहे, अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत.

पैसे कुणाच्या हातात गेले हे विचारणं अवघड असतं. तरी विचारा, पण सुनेसमोर किंवा मुलासमोर नाही. एकदा पाण्याचा हंडा उचलायच्या निमित्ताने आजींबरोबर नळावर गेलो तेव्हा त्या बोलल्या. मुलगा पासबुक देत नव्हता. अशा वेळी तुम्ही भांडायला जाऊ नका, तुम्ही उद्या निघून जाल आणि त्यांना त्याच घरात राहायचंय. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. नंबर त्यांच्या विश्वासातल्या शेजारणीला द्या.

परत जा आणि विचारा

महिन्याभराने त्याच घरांना एक फेरी करा. तक्रारपेटी लावू नका, चिठ्ठी लिहिणार कोण? बसा, चहा घ्या आणि सरळ विचारा: काय मिळालं, काय उपयोगाला आलं, काय कोपऱ्यात पडून आहे, कुणाचं वागणं खटकलं. आम्ही वाटलेल्या चार वॉकरपैकी तीन दोरीवर कपडे वाळत घालायला वापरात होते, कारण शेणाने सारवलेल्या जमिनीत त्यांचे पाय रुतत होते. एका काकांनी तिथेच सुचवलं की खालच्या रबरी टोप्या मोठ्या करा. गावातल्या चपला दुरुस्त करणाऱ्याने टायरच्या केल्या.

निवाऱ्यात केलेले उतार आणि दांड्या पूर ओसरल्यावर उखडून टाकतात, शाळेची "शोभा" जाते म्हणून. मुख्याध्यापकांशी बोलून निदान एका वर्गाचा उतार आणि एका संडासातली दांडी पक्की करून घ्या. पाच टक्के निधीतून होतं का ते ग्रामसभेत विचारा. ग्रामसभा ज्या दिवशी असेल त्या दिवशी पंक्चरवाल्याची तीनचाकी आत यावी म्हणून सभा माडीवरच्या कार्यालयात न घेता पारावर घ्यायला सांगा.

वही मात्र जपून ठेवा. पुढच्या वैशाखात तिच्यातली काही नावं खोडावी लागतील आणि बरीच नवी लिहावी लागतील. त्या आत्याबाईंचं नाव आमच्या वहीत पहिल्या पानावर होतं. २०२१ च्या जुलैत त्यांना ट्रॅक्टरमधून खाटेसकट नेलं तेव्हा गावात पाणी अजून म्हसोबाच्या दोन पायऱ्या खाली होतं.